नाकाबंदीचा खर्च कोणाच्या खिशातून?

गेल्या वर्षी सहामाही परीक्षेच्या आदल्या दिवशी माझ्या वर्गातली एक मुलगी शाळेत आली नाही. मधल्या सुट्टीत निरोप आला की, रात्री हायवेवर तिच्या अब्बांचा इन्तकाल झाला. ते रिक्षा चालवायचे. शेवटच्या गाडीने उतरलेले पॅसेंजर गावात सोडून घरी परतत होते. समोरून येणारी मोटार आपली बाजू सोडून त्यांच्या अंगावर आली. मोटारीतले तिघे कुठल्याशा पार्टीहून परतत होते आणि तिघेही प्यालेले होते, असे पाहणाऱ्यांनी सांगितले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी शिक्षिका तिच्या घरी गेलो. तिचे चाचा अंगणात बसले होते. रडून झाल्यावर माणूस जसा सपाट आवाजात बोलतो, तसे ते बोलत होते. "मॅडम, ठाण्यात फुंकायचं मशीन होतं, पण बंद होतं. मग त्या ड्रायव्हरला रक्त काढायला तालुक्याला नेलं. डॉक्टर येईपर्यंत पहाट झाली. रिपोर्टमध्ये काय निघणार?"

मी विचारले, "त्या रस्त्यावर कधी नाकाबंदी असते का?"

"३१ डिसेंबरला असते. एरवी माणसं कुठून आणणार?"

मशीन बंद आणि माणसे नाहीत, हे ऐकून मी घरी आले. त्यावर विचार करत राहिले, मिळेल ते वाचत राहिले. दारू पिऊन गाडी चालवणे हा गुन्हा आहे, हे शाळेतले पोरही सांगते. पण तो गुन्हा पकडायला रात्री अकरा वाजता रस्त्यावर उभे राहणारे पोलिस, त्यांच्या हातातले यंत्र, त्या यंत्राची नळी, यांचे पैसे कोण देतो, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता. आज तोच प्रश्न वाचक भगिनी-बंधूंसमोर ठेवते आहे.

आपण पीत नाही, मग हा विषय आपला कसा?

आपल्या मासिकात दारूवर लेख आला की, बरेच वाचक पान उलटतात. आपल्या दीनमध्ये नशा हरामच आहे, तेव्हा हे दुसऱ्यांनी वाचावे, असे आपल्याला वाटते. मला दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट, रस्ता सर्वांचा आहे. त्या रिक्षावाल्या भावाने आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. पिणारा दुसराच होता आणि जनाजा यांच्या घरातून निघाला. भारतात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली. त्यात आपल्या महाराष्ट्रातली १५ हजारांहून अधिक होती. पायी चालणारे, सायकलवाले, दुचाकीवाले आणि रिक्षावाले यात मोठ्या संख्येने असतात. आपल्या मोहल्ल्यातली कमावती माणसे नेमकी हीच आहेत.

दुसरी गोष्ट बोलायला जड आहे. "आमच्यात कोणी पीत नाही" हे वाक्य आपण जितक्या ठामपणे म्हणतो, तितके ते आता खरे राहिलेले नाही. लग्नाच्या आदल्या रात्री तरुण पोरे गाड्या घेऊन कुठे जातात, हे त्यांच्या आयांना कळत नाही असे नाही. आपण बोलत नाही, एवढेच.

रस्त्यात पडलेली त्रासाची वस्तू बाजूला करणे हा ईमानचाच एक भाग आहे, हे आपण मदरशात लहानपणी शिकलो. काटा किंवा दगड उचलणे नेकी असेल, तर नशेत चालणारी मोटार रस्त्यावरून बाजूला करणे केवढे मोठे काम आहे! ते काम आज पोलिसांकडे आहे. म्हणून त्यांना साधन मिळते की नाही, हे पाहणे हा आपलाही विषय आहे.

कॅलिफोर्नियातला एक फोन

माझा एक मामेभाऊ अमेरिकेत कॅलिफोर्नियात असतो आणि रात्रपाळीला टॅक्सी चालवतो. या घटनेबद्दल फोनवर बोलता बोलता तो म्हणाला, "आपा, इथं महिन्या-दोन महिन्यांनी नाकाबंदी लागते. दोन-चार प्रश्न विचारतात, तोंडाचा वास घेतात, सोडून देतात. आणि पेपरात आधीच छापून येतं की, अमुक रात्री आमच्या शहरात तपासणी आहे. खाली लिहिलेलं असतं की, याचा खर्च राज्याच्या वाहतूक सुरक्षा कार्यालयाच्या अनुदानातून केलेला आहे."

मला त्या शेवटच्या ओळीचे नवल वाटले. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला फलक असतो, "आमदार निधीतून". त्यांच्याकडे नाकाबंदीच्या बातमीखाली तशी ओळ! मग ही व्यवस्था समजून घेतली. ती अशी आहे.

अमेरिकेत पोलिस खाते हे शहराचे किंवा जिल्ह्याचे असते. लहानशा गावाचेही स्वतःचे पोलिस असतात आणि त्यांचा पगार गावच्या करातून होतो. अशा खात्याला रात्रीच्या जादा कामाचे पैसे परवडत नाहीत. १९६६ साली अमेरिकी संसदेने महामार्ग सुरक्षेचा कायदा केला आणि केंद्राकडून राज्यांना दरवर्षी पैसे देण्याची सोय केली. राज्याचा वाटा ठरवताना ७५ टक्के वजन लोकसंख्येला आणि २५ टक्के रस्त्यांच्या लांबीला दिले जाते. यातले किमान ४० टक्के पैसे स्थानिक पातळीवर, म्हणजे शहरे आणि जिल्हे यांच्या कामी लागले पाहिजेत, असा नियम आहे. राजधानीतल्या कचेरीतच पैसा मुरू नये, म्हणून ही अट.

याशिवाय नशेत गाडी चालवण्याला आळा घालण्यासाठी वेगळे अनुदान आहे. त्यात राज्यांचे तीन गट पाडतात. ज्या राज्यात असे मृत्यू कमी, त्याला अटी सोप्या. ज्या राज्यात दर १० कोटी मैलांच्या वाहन-प्रवासामागे नशेच्या अपघातांतले मृत्यू ०.६० किंवा त्याहून अधिक, त्याला खास समिती नेमून लेखी आराखडा द्यावा लागतो. पैसे हवेत तर आधी आपली दुखणी लिहून द्या, असा हा व्यवहार आहे.

कॅलिफोर्नियात शहराचे पोलिस जानेवारीअखेर राज्याच्या कार्यालयाकडे अर्ज करतात. किती अपघात झाले, किती रात्री तपासणी करणार, किती जणांना प्रशिक्षण देणार, हे सारे अर्जात भरायचे असते. मंजूर झाल्यास १ ऑक्टोबरपासून नवे वर्ष सुरू होते. पैसे आगाऊ मिळत नाहीत. आधी काम करायचे, हिशेब द्यायचा, मग भरपाई घ्यायची. दर तिमाहीला अहवाल द्यावा लागतो. आणखी एक अट मला फार आवडली. जे काम खाते आधीच आपल्या पैशांतून करत होते, त्याच्या जागी हे अनुदान वापरता येत नाही. काम वाढले पाहिजे, नुसता खर्च दुसऱ्याच्या माथी टाकायचा नाही.

एका आईच्या दुःखातून

ही व्यवस्था सरकारला आपोआप सुचली नाही. मे १९८० मध्ये कॅलिफोर्नियातल्या फेअर ओक्स गावी कॅरी लाइटनर नावाची १३ वर्षांची मुलगी रस्त्याच्या कडेने चालत असताना एका मद्यपी चालकाने तिला उडवले. तो याआधीही याच गुन्ह्यात पकडला गेला होता. तिची आई कँडेस लाइटनर हिने त्याच वर्षी मातांची एक संघटना उभी केली. मद्यपी चालकांविरुद्धच्या त्या मातांच्या संघटनेचे 'मॅड' हे छोटे नाव पुढे देशभर गाजले.

तोपर्यंत अमेरिकेतही दारू पिऊन गाडी ठोकणे याकडे 'नशिबाचा अपघात' म्हणूनच पाहिले जाई. या मातांनी आपल्या मुलांचे फोटो घेऊन न्यायालये आणि कचेऱ्या गाठल्या. १९८४ मध्ये केंद्राने कायदा केला की, ज्या राज्यात २१ वर्षांखालील तरुणाला दारू विकत घेता येते, त्या राज्याच्या रस्ते निधीला कात्री लागेल. काही वर्षांत सर्व राज्यांनी २१ ही वयोमर्यादा मान्य केली. केंद्राने राज्यांना हुकूम सोडला नाही, पैशाची दोरी तेवढी हातात ठेवली.

तरीही तिथे सारे काही ठीक झाले, असे समजू नये. २०२२ मध्ये अमेरिकेत अशा अपघातांत १३ हजार ५२४ माणसे मेली. एकूण रस्ते-मृत्यूंपैकी जवळपास एक तृतीयांश! पैसा ओतूनही ही लढाई संपलेली नाही.

आधी जाहीर केले तर पकडणार कोणाला?

मामेभाऊ म्हणाला त्याप्रमाणे तपासणीची बातमी आधीच छापतात, हे ऐकून मी हसले होते. मग पिणारा दुसऱ्या रस्त्याने जाणार नाही का? वाचल्यावर कळले की, पकडणे हा मुख्य हेतूच नाही. पार्टीला निघालेल्या माणसाच्या मनात घरातूनच विचार यावा की, आज रस्त्यावर पोलिस असतील, तर गाडी नको, टॅक्सीने जाऊ. वर्गात मी सांगते, "शुक्रवारी पाढे विचारणार." मुले गुरुवारी पाठ करून येतात. माझा हेतू त्यांना उभे करण्याचा नसतोच, त्यांनी पाठ करावे हाच असतो.

टेनेसी राज्यात १९९४-९५ मध्ये केंद्राच्या मदतीने वर्षभरात सुमारे ९०० ठिकाणी तपासण्या घेतल्या आणि त्यांची वृत्तपत्रांत, दूरचित्रवाणीवर भरपूर जाहिरात केली. नशेतले जीवघेणे अपघात अपेक्षेपेक्षा सुमारे २० टक्क्यांनी घटले आणि हा परिणाम मोहीम संपल्यावरही दीड वर्षाहून अधिक टिकला. सगळीकडे इतका फरक पडत नाही. अनेक अभ्यास एकत्र पाहून अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने जो आकडा मांडला, तो सुमारे ९ टक्के घट इतका आहे. पण ९ टक्के म्हणजेही शंभरातली नऊ घरे वाचली. ती कोणाची, हे कोणालाच कळत नाही. वाचलेल्याला आपण वाचलो, हे ठाऊक नसते.

आणि या कामाला फौज लागत नाही. तीन ते पाच पोलिसांत छोटी तपासणी उत्तम होते, असे तिथल्या अभ्यासांत दिसले आहे. मात्र ती वारंवार आणि वेगवेगळ्या जागी झाली पाहिजे.

थांबवण्याचा हक्क आणि त्याची मर्यादा

काहीच गुन्हा न केलेल्या माणसाची गाडी पोलिसांनी का थांबवावी? हा प्रश्न तिथल्या न्यायालयांत गेला. मिशिगन राज्यातल्या एका तपासणीत ७५ मिनिटांत १२६ गाड्या थांबवल्या होत्या. प्रत्येक गाडीला सरासरी २५ सेकंद थांबावे लागले. दोघांना नशेत गाडी चालवल्याबद्दल अटक झाली. १९९० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला की, एवढा थोडा त्रास मोठ्या धोक्यापुढे मान्य करायला हरकत नाही. पण त्याच मिशिगनच्या राज्य न्यायालयाने नंतर १९९३ मध्ये आपल्या राज्यघटनेनुसार अशा तपासण्या नाकारल्या. आजही टेक्साससह सुमारे डझनभर राज्यांत त्या होत नाहीत.

कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच नियम घालून दिले होते. तपासणी कुठे आणि केव्हा, हे रस्त्यावरच्या शिपायाने ठरवायचे नाही, वरिष्ठाने ठरवायचे. कोणती गाडी थांबवायची, हेही आधी ठरलेल्या क्रमाने, उदाहरणार्थ दर तिसरी. चेहरा बघून नाही, गाडीची किंमत बघून नाही. जागा सुरक्षित आणि उजेडाची हवी. थांबवण्याचा वेळ कमीत कमी हवा. आपल्या वाचकांनी हा भाग लक्षात ठेवावा. दाढी पाहून, नाव विचारून थांबवले, अशी तक्रार आपल्या तरुणांकडून कधी कधी ऐकू येते. त्यावर "नाकाबंदीच नको" असे म्हणणे हा उपाय नाही. "नाकाबंदी ठरलेल्या क्रमाने आणि सर्वांसाठी सारखी करा" हे मागणे न्यायाचे आहे.

अनुदान वाट चुकते तेव्हा

पैसा आला की त्याच्या मागे मोह येतो. २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या शोध-पत्रकारांनी हिशेब काढला. २००९ या वर्षात नशेच्या तपासणीत पकडलेले मद्यपी चालक सुमारे ३ हजार २०० होते आणि जप्त केलेल्या गाड्या २४ हजारांहून अधिक! या गाड्या कोणाच्या? बहुतांश शुद्धीत असलेल्या, पण लायसन्स नसलेल्या गरीब स्थलांतरितांच्या. त्या काळी त्यांना तिथे लायसन्स मिळतच नव्हते. गाडी ३० दिवस अडकून पडायची. सोडवण्याचा खर्च कधी कधी गाडीच्या किमतीइतका व्हायचा. अनेक जण गाडी सोडूनच द्यायचे. गाडी उचलणे आणि दंड यांतून सुमारे ४ कोटी डॉलर जमा झाले. ते नगरपालिका आणि गाडी उचलणाऱ्या कंपन्यांनी वाटून घेतले. पोलिसांना जादा कामाचे सुमारे ३ कोटी डॉलर मिळाले, तेही अनुदानातून. अनेक ठिकाणी तपासण्या दारूच्या गुत्त्यांजवळ नव्हे, तर स्थलांतरितांच्या वस्त्यांजवळ लागत होत्या.

मजुराची गाडी गेली की त्याची रोजी जाते. नाव मद्यपींचे आणि मार गरिबांवर. लोकांनी आवाज उठवला. २०११ मध्ये राज्याने कायदा केला आणि २०१२ पासून केवळ लायसन्स नाही म्हणून अशा तपासणीत शुद्धीतल्या माणसाची गाडी जप्त करणे बंद झाले. लायसन्स असलेला दुसरा कोणी येऊन गाडी नेऊ शकतो. २०१५ पासून तर त्या स्थलांतरितांना रीतसर लायसन्सही मिळू लागले.

यातून मी एक धडा घेतला. पैसा कशासाठी दिला आणि काम कशावरून मोजले, या दोन्ही गोष्टी एकत्र पाहायला हव्यात. दंड किती जमवला, यावर शाबासकी दिली तर पोलिस दंड जमवतील. किती रात्री तपासणी केली आणि अपघात किती घटले, यावर दिली तर रस्त्याकडे लक्ष देतील.

आपल्याकडे काय आहे?

कायदा पाहिला तर आपण अमेरिकेपेक्षा कडक आहोत. तिथे बहुतेक राज्यांत १०० मिलिलीटर रक्तात ८० मिलिग्रॅम मद्यार्क ही मर्यादा आहे, युटा राज्यात ५०. आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये ती ३० मिलिग्रॅम आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही.

पण कायद्याला हात-पाय लागतात. मुंबईत २००७ पासून वाहतूक पोलिसांनी मद्यपी चालकांविरुद्ध नियमित मोहीम सुरू केली आणि शहरातल्या माणसाच्या मनात धाक बसला. 'आज गाडी नको' हे वाक्य तिथल्या मेजवान्यांत ऐकू येऊ लागले. २०१५ पासून अमेरिकेतल्या ब्लूमबर्ग या धर्मादाय संस्थेच्या जागतिक रस्ते सुरक्षा उपक्रमात जगातल्या दहा शहरांत मुंबईची निवड झाली आणि पोलिसांच्या प्रशिक्षणाला त्याचा हातभार लागला. महानगराला अशी मदत मिळते, चांगलेच आहे. पण आमच्यासारख्या तालुक्यातून जाणाऱ्या हायवेचे काय? तिथे ना परदेशी संस्था येते, ना कॅमेरे.

३० नोव्हेंबर २०१७ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने रस्ते सुरक्षेच्या खटल्यात राज्यांना निर्देश दिले. त्यात राज्यांनी रस्ता सुरक्षा निधी उभारावा आणि वाहतुकीच्या दंडातला काही भाग त्यात यावा, असेही सांगितले. म्हणजे आपल्याकडेही पैशाची वाट काढून दिलेली आहे. जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली रस्ता सुरक्षा समिती असते. जिल्हा नियोजनाचा निधी असतो. प्रश्न आहे तो हा की, त्यातून आपल्या ठाण्याच्या टेबलावर चालू मशीन येते का?

मशीन का महत्त्वाचे, ते साध्या हिशेबाने सांगते. रक्तातला मद्यार्क तासाला साधारण १५ मिलिग्रॅमने उतरतो. अपघाताच्या वेळी चालकाच्या रक्तात ६० मिलिग्रॅम असेल, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट, तर दोन तासांत तो ३० वर येतो आणि तीन तासांत १५ वर. पहाटे घेतलेले रक्त त्याला निर्दोष ठरवायला पुरेसे! त्या चाचांचा प्रश्न, "रिपोर्टमध्ये काय निघणार?", किती बरोबर होता. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात १७ वर्षांच्या मुलाने चालवलेल्या आलिशान गाडीखाली दोन तरुण अभियंते गेले. त्याला जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहायची अट घातली, हे आपण सर्वांनी वाचले. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. जागेवरच, वेळेवर आणि सर्वांसमोर घेतलेली श्वासाची चाचणी का हवी, हे यावरून कळावे.

आपल्या हातात काय आहे?

कोणी म्हणेल, बाई, हे सरकारचे काम, आपण काय करणार? मला चार गोष्टी सुचतात.

एक, विचारा. माहिती अधिकाराचा अर्ज साध्या कागदावर होतो आणि त्याला १० रुपये लागतात. आपल्या ठाण्यात श्वास तपासणारी यंत्रे किती, त्यातली चालू किती, गेल्या वर्षी किती रात्री नाकाबंदी झाली, किती चालक तपासले, रस्ता सुरक्षेसाठी किती निधी आला आणि कशावर खर्च झाला, एवढेच पाच प्रश्न. तक्रारीचा सूर नको. उत्तर हातात आले की बोलणे सोपे जाते.

दोन, मागा. जमातीच्या, बचत गटाच्या, शाळेच्या पालक सभेच्या नावाने जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला निवेदन द्या. दर आठवड्याला एक रात्र, पाच पोलिस, एक चालू मशीन, पुरेशा नळ्या, एवढीच मागणी. कुठल्याही एका समाजाची ही मागणी नाही. गावातल्या गणेश मंडळाच्या कार्यकर्त्यांनाही बरोबर घ्या. अपघात धर्म विचारून येत नाही.

तीन, नाकाबंदीला घाबरू नका, आपले हक्कही जाणा. गणवेशातल्या पोलिसाला श्वासाची चाचणी मागता येते, ती द्यावी. नळी नवी आहे ना, हे नम्रपणे विचारता येते. गाडीची कागदपत्रे डिजिलॉकरमधली चालतात. पोरांना हे घरी शिकवा. पळून जाणे, हुज्जत घालणे यातून निष्कारण गुन्हे अंगावर येतात.

चार, घरात बोला. मुलगा रात्री बाराला गाडीची किल्ली मागतो तेव्हा "कोणाबरोबर?" एवढे विचारायला अम्मीने कचरू नये. आणि त्याला हेही सांगावे की, कधी मित्राने प्यालेल्या अवस्थेत गाडी हातात घेतली, तर त्या गाडीत बसू नकोस, मला फोन कर, अब्बा न्यायला येतील, कोणी रागावणार नाही. दम देण्यापेक्षा या आश्वासनाचा उपयोग अधिक होतो, हे मी पंधरा-वीस वर्षे मुलांबरोबर काढून सांगते आहे. जुम्याच्या बयानात इमाम साहेबांनी वर्षातून एकदा रस्त्यावरच्या अमानतदारीवर बोलले, तर पोरे ऐकतील.

ती मुलगी सहामाहीला बसली नाही. तिची परीक्षा आम्ही नंतर वेगळी घेतली. आता आठवीत आहे. तिची अम्मी शिवणकाम करते, चाचा भाऊ गेल्यापासून स्वतः रिक्षा चालवतात आणि शेवटच्या गाडीचे पॅसेंजर सोडून त्याच हायवेने परततात. खटला चालू आहे.

माहितीचा अर्ज मी माझ्या नावाने, सहावीच्या मुलांना समजेल अशा सोप्या मराठीत लिहिला आहे. सहीसाठी तिच्या अम्मीकडे नेला तेव्हा तिने विचारले, "मॅडम, यानं आता काय होणार? माझं तर जायचं ते गेलं." मी म्हटले, "तुमच्या दिराला रोज रात्री घरी यायचं आहे ना?" तिने थोडा वेळ कागदाकडे पाहिले. मग मुलीला हाक मारून पेन आणायला सांगितले.